डिझेल, फासे आणि मी

आमच्या घरात डिझेल हा शब्द आजवर फक्त एस.टी.च्या भाडेवाढीच्या संदर्भात उच्चारला गेला. त्यामुळे भाच्याने परवा ‘‘मामा, डिझेलपंक खेळणार?’’ असं विचारलं तेव्हा मी आधी खिडक्या उघडल्या.

खेळ म्हणजे चार माणसं, कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा फासा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. मामा आणि फासे एकत्र दिसले की आपल्याकडे लोक संशयाने बघतात, तरी बसलो.

या वेडाची वंशावळ मात्र घरंदाज निघाली. १८२४ साली प्रशियाच्या लष्कराने अधिकाऱ्यांना नकाशावर फासे टाकून लढाया खेळायला लावल्या. बरोबर दीडशे वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. फौजेऐवजी एकेका खेळाडूच्या वाट्याला एकच पात्र आलं. १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने वाफेच्या यंत्रांच्या कल्पित जगाला ‘स्टीमपंक’ म्हटलं. २००१ साली लुईस पोलॅक यांनी आपल्या ‘चिल्ड्रन ऑफ द सन’ या खेळासाठी ‘डिझेलपंक’ शब्द घडवला. वाफ गेली, धूर आला! आता या नावाखाली महायुद्धांच्या आसपासचं जग येतं : हवाई जहाजं, ग्रीस आणि हुकूमशहा. खुद्द रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. म्हणजे गूढाची सोय मूळपुरुषानेच करून ठेवलेली.

मला हवाई जहाजाचा मेकॅनिक केलं. मी, ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही! जहाज पेटलं. भाचा म्हणाला, ‘‘मामा, तू आता काय करतोस?’’

रिटायर झाल्यापासून हा प्रश्न मला रोज चारजण विचारतात, आणि उत्तराआधी पेपर मागतात. ही तिन्ही पोरं चक्क उत्तरासाठी थांबली होती.

‘‘मी इंजिनापाशी थांबतो. तुम्ही उड्या मारा,’’ मी म्हणालो.

जहाज सावरायला आठ हवे होते, अकरा पडले. माझ्या उडीला पंधरा हवे होते, पडले चार. मेलो.

‘‘काय गोंधळ चाललाय हो?’’ स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

‘‘मामी, मामाने आम्हाला वाचवलं!’’

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या फाइलीत असा शेरा कुणी मारला नव्हता.

पुढच्या रविवारी मला नवं पात्र मिळणार आहे. तोवर सायकलची चेन बसवून बघावी म्हणतो.