समथर, तोफ आणि कॉफीचं भांडं

समथरला आमचा मुक्काम ऐन जानेवारीत पडला. झाशीच्या ईशान्येला साठ-सत्तर किलोमीटरवर, पहूज आणि बेतवा या दोन नद्यांमधला हा मुलूख. गावात गुर्जर राजांचा किल्ला. या राजांनी १८१७ साली इंग्रजांशी तह केला आणि आपलं छोटं संस्थान टिकवून धरलं. आमची युनिट कोणती, काम काय, हे नेहमीप्रमाणे विचारू नका.

पहाटेचं धुकं असं, की वीस पावलांवरची गाडी दिसेना. त्या गारठ्यात माझं कॉफीचं भांडं गेलं. काचेचं, दांड्यानं जाळी खाली दाबायचं, ज्याला फ्रेंच प्रेस म्हणतात ते. गार काचेत उकळतं पाणी ओतलं आणि ती खालपासून वरपर्यंत तडकली. चूक माझीच.

आमच्या जुन्या सुभेदारसाहेबांना कळलं असतं तर ते पोटभर हसले असते. साहेब तंजावरकडचे, घरात अजून मराठी बोलणारे. मराठी माणूस उत्तरेला झाशीपर्यंत आला, दक्षिणेला तंजावरपर्यंत गेला. इकडच्याच्या हातात पुढे चहा आला, तिकडच्याच्या हातात कॉफी. आमच्या घरी कॉफी म्हणजे पाहुणे आले की जायफळ घालून दूध उकळायचं, एवढंच. साहेबांकडे मात्र दुमजली पितळी फिल्टर: वर पूड, खाली थेंब थेंब डिकॉक्शन. माझ्या भांड्यातल्या कॉफीला ते सरळ ‘गाळ’ म्हणायचे. सहा वर्षं आम्ही यावर भांडलो.

गेल्या वर्षी साहेबांना दोन स्टेंट पडले. ते आता पेन्शनवर गावी असतात. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल बघून न गाळलेली कॉफी बंद करायला सांगितली. फोनवर म्हणाले, ‘‘बाकी सगळं सोडलं रे, पण सकाळचं हे कसं सोडू?’’ तेव्हापासून मी भांड्यांचा इतिहास वाचायला लागलो, आणि सुरुवातीलाच भेटला एक फौजी.

बेंजामिन थॉम्प्सन, पुढे काउंट रम्फर्ड. जन्म १७५३, अमेरिकेतला. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूनं लढला आणि नंतर बव्हेरियाच्या फौजेची व्यवस्था बघायला लागला. म्युनिकच्या तोफखान्याच्या कारखान्यात तोफेची नळी कोरताना ती भयंकर तापते, हे त्यानं पाहिलं. मग नळीभोवती पाणी ठेवून मुद्दाम बोथट हत्यार फिरवलं. अडीच तासांत विस्तवाशिवाय पाणी उकळलं! उष्णता म्हणजे पदार्थात भरलेला कुठला द्रव नव्हे, ती हालचालीतून निघते, हे त्यानं १७९८ साली मांडलं. मी तोफखान्यातला, त्यामुळे हा किस्सा मी मेसमध्ये इतक्यांदा सांगितलाय, की जवान मला बघून विषय बदलतात.

याच माणसानं १८१२ साली कॉफीवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की चव बिघडते ती उकळल्यानं आणि मध्येच गार होण्यानं. म्हणून त्यानं कॉफीच्या भांड्याभोवती गरम पाण्याचं दुसरं भांडं बसवलं. आज दुहेरी भिंतीचे स्टीलचे प्रेस मिळतात, त्यांचं मूळ काम हेच. माझी एकेरी काच जानेवारीत चार मिनिटंही धग धरत नव्हती. फुटली नसती तरी कॉफी कोमटच व्हायची.

दाबायच्या जाळीचं पेटंट पॅरिसमध्ये मेयर आणि डेलफोर्ज यांनी १८५२ साली घेतलं. पुढच्याच वर्षी झाशीत गंगाधरराव वारले आणि पुढचं सगळं घडलं. एवढ्या वर्षांत जाळीचं काम मात्र कुणाला नीट जमलं नव्हतं. १९२९ साली मिलानमध्ये अत्तिलिओ कालिमानी यांनी नवं पेटंट घेतलं, १९५८ साली फालिएरो बोंडानिनी यांनी आणखी एक. बोंडानिनींचं भांडं फ्रान्समधल्या क्लॅरिनेटच्या कारखान्यात तयार व्हायचं. जाळीची कड भांड्याला घट्ट बसली, पण दोष राहिलाच. दाबलेली पूड पाण्यातच बसून राहते, म्हणून दुसरा कप पहिल्यापेक्षा कडवट. बारीक चूर जाळीतून निसटतो. आणि कॉफीतलं तेल धातूची जाळी अडवत नाही. याच तेलात कॅफेस्टॉल असतं, आणि ते कोलेस्टेरॉल वाढवतं. साहेबांच्या डॉक्टरांचा रोख त्यावरच होता.

ते तेल अडवतो कागद. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं पितळी भांड्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद त्यावर ठेवला. हे वाचून मी थांबलोच. भोकांचं पितळी भांडं! म्हणजे साहेबांच्या फिल्टरचा वरचा मजलाच की. फक्त कागद नव्हता.

समथरला माझ्याकडे स्टीलचा थर्मास होता. त्यात आधी गरम पाणी फिरवून ओतून दिलं. मग अर्ध्या लिटरला तीस ग्रॅम जाड दळलेली पूड घातली आणि उकळी बसलेलं पाणी ओतलं. चार मिनिटांनी सगळं कागदातून दुसऱ्या भांड्यात. पहिल्यांदा कागद ओला न करताच बसवला, तर कॉफीला पुठ्ठ्याची चव आली; तो मग ड्रायव्हरनं निमूट संपवला. दुसऱ्यांदा कागद धुऊन घेतला. गाळ नाही, कोमटपणा नाही. अंगाला जरा हलकी लागते, हे कबूल. तेल गेलं की तेवढं जाणारच.

संध्याकाळी साहेबांना फोन लावला. फ्रेंच प्रेसबद्दल ते बरोबर होते, हे आधी सांगून टाकलं. मग त्यांच्या पितळी फिल्टरमधूनही हे तेल कागदाइतकं अडत नाही, हे सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मी कागद कसा दुमडायचा, आधी डॉक्टरांना कसं विचारायचं, हे सांगत राहिलो. शेवटी ते म्हणाले, ‘‘पितळी भांडं वापरायचं ना पण?’’

‘‘वरचा मजला तोच, साहेब.’’

‘‘मग पाठव कागद. आणि जास्तीचे पाठव, बायको पहिले चार फाडणार.’’