कोंबडीची पिशवी आणि बाळाचं हृदय

‘बी’ आणि ‘टी’ लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींची नावं आता शाळेच्या पुस्तकातही भेटतात. त्यातल्या ‘बी’चं मूळ गाव कोंबडीच्या शेपटाखाली आहे.

पक्ष्यांच्या विष्ठाद्वाराच्या वरच्या अंगाला एक लहानशी पिशवी असते. पादुआच्या फाब्रिचियस या शरीररचनातज्ज्ञाने तिचं वर्णन केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापलं गेलं. कोंबड्याचं वीर्य मादी तिथे साठवत असावी, असा त्याचा तर्क. तर्क खोटा ठरला, पण पिशवीला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच: ‘बर्सा ऑफ फाब्रिचियस’. शिरांमधल्या झडपांचं नीट वर्णन करणाराही हाच, आणि रक्ताभिसरण उलगडणारा विल्यम हार्वे याचाच विद्यार्थी.

पुढची सव्वातीनशे वर्षं पिशवीचं काम काय, हे कोडंच राहिलं. ते सुटलं ओहायो स्टेट विद्यापीठात, तेही उसनवारीतून. ब्रूस ग्लिक हा कुक्कुटपालन विभागातला विद्यार्थी पिल्लांची बर्सा काढून काय फरक पडतो ते पाहत होता. दिसण्यासारखा फरक काही पडेना. त्याचा सहकारी टिमोथी चँग याला वर्गात प्रतिपिंडं कशी तयार होतात ते दाखवायचं होतं. कोंबड्या कमी पडल्या, म्हणून त्याने ग्लिकच्या प्रयोगातल्या घेतल्या आणि त्यांना साल्मोनेला टोचला. प्रात्यक्षिक फसलं: बर्सा काढलेल्या बहुतेक कोंबड्यांत प्रतिपिंडं झालीच नाहीत. हा फसलेला तास किती मोलाचा आहे, हे दोघांच्या लक्षात आलं, यात खरी हुशारी. ‘सायन्स’ने निबंध परत पाठवला. तो १९५६ मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला. कोंबड्यांच्या धंद्याचं ते नियतकालिक माणसांचे डॉक्टर कशाला चाळतील? काही वर्षं तो तसाच पडून राहिला.

दरम्यान १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने एक आठ वर्षांचा मुलगा पाहिला होता. त्याला पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग व्हायचा, आणि रक्तात प्रतिपिंडं असलेलं गॅमा ग्लोब्युलिन जवळपास नव्हतंच. तर १९६१ मध्ये लंडनला जाक मिलरने नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढून रोगप्रतिकारातलं तिचं महत्त्व दाखवलं. हे धागे मिनेसोटात एकत्र आले. मॅक्स कूपर हा बालरोगतज्ज्ञ. रॉबर्ट गुड यांच्या प्रयोगशाळेत त्याने नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांपैकी काहींची बर्सा, तर काहींची थायमस काढली आणि वर क्ष-किरण दिले. बर्सा गेली तर प्रतिपिंडं गेली. थायमस गेली तर परकी त्वचा नाकारण्याची ताकद उणावली. रोगप्रतिकाराचे दोन फाटे १९६५ मध्ये असे वेगळे दिसले. बर्साचा ‘बी’ आणि थायमसचा ‘टी’ ही अक्षरं १९६९ मध्ये आयव्हन रॉइट आणि सहकाऱ्यांनी रुळवली. बर्सा फक्त पक्ष्यांना. त्यांचे सरपटणारे भाऊबंद, म्हणजे साप, सरडे, कासवं, प्रतिपिंडं बनवतात ती बर्सावाचूनच. आपल्याकडे हे काम अस्थिमज्जेत चालतं.

ब्रूटनने पाहिलेला मुलगा म्हणजे बर्सा नसलेल्या पिल्लाचा मानवी जोडीदार. मग थायमस नसलेल्या पिल्लाचा जोडीदार कोण? कूपर यांनी हे काम मांडल्यावर झालेल्या चर्चेत फिलाडेल्फियाचे अँजेलो डिजॉर्ज यांनी उत्तर दिलं. ते मुलांच्या अंतःस्रावी ग्रंथींचे डॉक्टर. ज्यांना थायमसही नाही आणि परावटू ग्रंथीही नाहीत, अशी बाळं त्यांनी पाहिली होती. त्याच बाळांच्या हृदयातही बिघाड असतो, हे हळूहळू स्पष्ट झालं: महारोहिणी आणि फुप्फुसाची रोहिणी वेगळ्याच न झालेल्या, महारोहिणीची कमान तुटलेली, किंवा बाळ निळं पाडणारा फॅलोचा चौकडी दोष.

तीन अवयव एकदम का बिघडावेत? उत्तरासाठी पुन्हा कोंबडीकडेच जावं लागलं, या वेळी अंड्यात. मार्गारेट कर्बी यांनी कोंबडीच्या गर्भातल्या ‘न्यूरल क्रेस्ट’ या पेशींच्या पट्ट्याचा मानेकडचा तुकडा काढला, तेव्हा हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांमधला पडदाच नीट बनला नाही. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. थायमसलाही याच पेशी लागतात, हे पुढच्या वर्षी. माणसात या विकाराचं मूळ बहुतेकदा २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळण्यात असतं. साधारण चार हजार जन्मांत एका बाळाला तो असतो.

आज अशा बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करताना या सगळ्या कुळाचा हिशेब ठेवावा लागतो. एरवी छाती उघडली की हृदयावर पसरलेली थायमस आडवी येते आणि शल्यविशारद तिचा भाग काढून वाट करतात. इथे ती जागा कधीकधी रिकामीच असते. दात्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट दुबळ्या बाळाच्या शरीरावर उलटू नयेत, म्हणून रक्तपेढीकडून किरण दिलेलं रक्त मागवतात. परावटू ग्रंथी नसल्याने कॅल्शियम आधीच कमी, त्यात पिशवीतल्या रक्तातलं सायट्रेट ते आणखी बांधून टाकतं. म्हणून कॅल्शियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.