कुलाब्याच्या सुईचा माग

अलिबागला ओहोटीची वाट बघत कुलाबा किल्ल्याकडे तोंड करून उभे राहणारे पाहुणे तिथल्या चुंबकीय वेधशाळेची चौकशी सहसा करत नाहीत. १९०४ साली इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध सुरू झाले. इमारतींसाठी पोरबंदरचा दगड आणला, लोखंडाच्या जागी पितळ-तांबं वापरलं. आत टांगलेल्या चुंबकाच्या सुईला माणसाच्या खिशातली किल्लीसुद्धा खपत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्या विजेनं सुई ढळली असती, म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतलं हे काम इकडे हलवलं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे जोडीनं मोजमाप केलं, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळेल. मुंबईचा कुलाबा सोडून सुई कुलाबा जिल्ह्यात आली! पुढे १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि ही गंमत सांगायची सोय राहिली नाही.

पण ही सुई मुळात इथली नव्हे. तिचं कूळ जर्मनीतल्या गटिंगेनचं. तिथे गाऊस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी देशोदेशींच्या वेधकऱ्यांना एका सूत्रात बांधलं होतं. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी सुई वाचायची. १८३६ साली हुम्बोल्ट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र घातलं, की तुमच्या वसाहतींतही अशा वेधशाळा काढा. एका जर्मन शास्त्रज्ञाच्या शब्दावर इंग्रज सरकार आणि ईस्ट इंडिया कंपनी हलली. कंपनीच्या वाट्याला आली ठिकाणं चार: मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई. सिमला-सिंगापूरचे वेध काही वर्षांतच थांबले. मुंबईचे टिकले.

ते टिकवणाऱ्या पहिल्या हातांत एक हात अलिबागजवळच्या नागावात जन्मलेल्या मुलाचा होता. केरो लक्ष्मण छत्रे १८४० साली, पंधरा-सोळाव्या वर्षी, प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली कुलाब्याच्या वेधशाळेत लागले आणि दहाएक वर्षं तिथे राहिले. पुढे ते केरूनाना झाले, टिळकांचे गुरू झाले, रावबहादूर झाले. महाराष्ट्र त्यांना गणितासाठी आणि पंचांगासाठी ओळखतो. जगभरच्या नोंदींत आपलाही आकडा भरणारा वेधकरी म्हणून त्यांचं नाव आपण घेत नाही. त्यांच्या नागावापासून हाकेच्या नाही, तरी बैलगाडीच्या अंतरावर चौसष्ट वर्षांनी तीच सुई मुक्कामाला आली.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीचं चुंबकत्व असं खवळलं, की तिथल्या क्यू आणि ग्रिनिच वेधशाळांच्या छायाचित्रण करणाऱ्या उपकरणांतली रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला अजून छायाचित्रण नव्हतं. तिथे माणसं डोळ्यांनी वाचत होती, हातानं लिहीत होती. मागासलेपणाचा असा फायदा क्वचितच होतो: चुंबकत्वातली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण वहीत उतरली. वादळाला मात्र नाव मिळालं कॅरिंग्टन यांचं.

त्याच १८५९ साली जन्मलेले नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस एडिंबरात शिकून आले आणि १८९६ साली कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. सुई अलिबागला नेली ती त्यांनीच. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी १९१० साली दोन जाडजूड खंड काढले. माझ्या मते या साऱ्या कुळकथेत सर्वांत मोठं काम हेच. वह्या कपाटातच राहिल्या असत्या तर त्यांची नुसती रद्दी झाली असती. चुंबकीय वादळांचा सिद्धांत मांडताना इंग्लंडच्या सिडनी चॅपमन यांनी या खंडांचा आधार घेतला. हेच चॅपमन पुढे १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या समितीचे अध्यक्ष झाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि रशिया यांनी एकमेकांना आकडे द्यायचं कबूल केलं, त्यासाठी जागतिक विदा केंद्रं निघाली. भूचुंबकत्वाचं असं एक केंद्र आज नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आहे. म्हणजे पुन्हा रायगडातच.

२००३ साली त्सुरुतानी, गोन्सालेस, लखीना आणि शोभना अॅलेक्स यांनी, म्हणजे अमेरिका, ब्राझील आणि भारत यांनी मिळून, कुलाब्याच्या १८५९च्या त्या नोंदीवर शोधनिबंध लिहिला. १४४ वर्षांनी त्या दिवसाचा हिशेब जगापुढे आला. पदक नाही, समारंभ नाही. परदेशी संशोधकानं आपला आकडा खरा मानून त्यावर पुढचं गणित मांडणं, हाच या व्यवहारातला मान. तो कुलाब्याला मिळाला.

मराठी पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: १८५९च्या वादळापुढे कॅरिंग्टन लिहाल तेव्हा शेजारी कुलाबाही लिहा.