मोडीतला मजकूर : पुण्याच्या जुन्या बाजाराविषयी

पुण्याच्या वाङ्मयीन इतिहासाचा नकाशा काढावयाचा झाला तर त्यात कोणकोणती ठिकाणे येतील, हे आपणा सर्वांस पाठ आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ येईल, भांडारकर संस्था येईल, साहित्य परिषद येईल, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने येतील. या नकाशात मंगळवार आणि कसबा पेठेच्या हद्दीवर दर बुधवारी व रविवारी रस्त्याच्या कडेने भरणारा जुना बाजार मात्र कोणी दाखवीत नाही. तो दाखवावयास हवा, असे आम्हांस वाटते. जुन्या वस्तूंविषयीच्या हळवेपणातून आम्ही हे म्हणत नाही. मराठी समाजाच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाची काही साधने नष्ट होण्यापूर्वी शेवटची जेथे दिसतात ती जागा हीच आहे, म्हणून म्हणतो.

शहरातील बाजारांचे दोन प्रकार मानता येतील. एक छपराखालचा, नगरपालिकेने बांधलेला. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारी मंडई १८८६ मध्ये रे मार्केटच्या इमारतीत गेली. या इमारतीवरील खर्चाला जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य या नात्याने विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच वास्तूला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. एवढा विरोधाभास आपल्याला सांगता येतो तो या बाजाराला दप्तर आहे, ठराव आहेत, वादविवादांची नोंद आहे म्हणून. दुसरा प्रकार उघड्यावरचा. त्याला कोनशिला नाही आणि उद्घाटकही नाही. तो सकाळी अंथरला जातो आणि संध्याकाळी गुंडाळला जातो. ज्या बाजारात इतरांच्या इतिहासाचे तुकडे विकावयास येतात, त्याचा स्वतःचा इतिहास असा गुंडाळलेलाच राहतो.

या बाजारात काय येते? बंद पडलेली घड्याळे, रेडिओ, कॅमेरे, ध्वनिफिती, सुताराची व गवंड्याची हत्यारे, नटबोल्ट, कुलपे आणि किल्ल्या, जुनी नाणी, वापरलेले बूट, पितळी डबे, समया, अडकित्ते. हा माल कोठून येतो, हे पाहिले म्हणजे शहराचा अर्धा इतिहास समजतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील घरे उद्ध्वस्त केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान एका दिवसात चिखलात गेले. पुरातून जे वाचले ते पुढच्या दशकांत वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा बाहेर पडले. माळा गेला, माजघर गेले, अडगळीची खोली गेली. दोन खोल्यांच्या सदनिकेत तांब्याचा बंब, घंगाळ, फणेरपेटी यांना जागा नव्हती. स्टेनलेस स्टीलने पितळेला आणि गॅसने बंबाला घालवलेच होते. बोहारीण, भंगारवाला, रद्दीवाला यांच्या हातून हे सामान फिरत फिरत बाजाराच्या अंथरीवर आले. वाडा पाडल्याची नोंद महापालिकेत सापडेल. वाड्यातून काय बाहेर पडले त्याची नोंद ही अंथरीच.

साहित्याच्या अभ्यासकाने या अंथरीकडे का पाहावे? तिच्यावर मजकूर आहे म्हणून. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालण्याची रीत आहे. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या तांब्यावर किंवा परातीवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नाते, गाव आणि तारीख ठोकून घेतली जाते. 'चि. सौ. कां.', 'यांजकडून सप्रेम भेट', 'यांचे स्मरणार्थ' ही त्या लेखनाची ठरलेली वळणे आहेत. शिलालेख आणि ताम्रपट वाचावयास आपण शिकतो व शिकवितो. स्वयंपाकघरातला हा धातुलेख मात्र लेख म्हणून आपल्या ध्यानातच येत नाही. वास्तविक त्यात कितीतरी गोष्टी एकवटलेल्या असतात : स्त्रीचे माहेरचे नाव केव्हा आणि सासरचे केव्हा वापरले जाई, कोणते नाते उल्लेखनीय मानले जाई, जात व व्यवसाय दाखविणारी आडनावे कशी लिहिली जात, शक आणि इसवी सन यांपैकी कोणते पसंत केले जाई, अक्षराचे वळण कोणते. ज्या पिढ्यांतील बहुसंख्य स्त्रियांच्या हातचा एक कागदही उरलेला नाही, त्यांची नावे अशा भांड्यांच्या काठाखाली आहेत.

या भांड्याला व्यवहारात 'मोड' म्हणतात. मोड घालून नवे भांडे घ्यावयाचे, ही घराघरांतली जुनी पद्धत. दुकानदार वजन करतो, घट धरतो, आणि पैसे सांगतो. नावाचे वजन होत नाही. भट्टीत प्रथम वितळते ते ते नावच, असे म्हटले तरी चालेल.

इतिहासाची साधने वजनावर विकली जाण्याची ही गोष्ट मराठीला नवी नाही. आपले आधुनिक इतिहाससंशोधनच अशा मोडीतून उभे राहिले, आणि येथे 'मोडी' या शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण खंड २२ झाले. त्यांतील कागद सरकारी अभिलेखागारात रांगेने लावलेले नव्हते. ते जुन्या घराण्यांच्या पेटाऱ्यांत, रुमालांत, माळ्यांवर पडलेले होते, आणि त्यांच्या मालकांपैकी अनेकांस मोडी वाचता येईनाशी झाली होती. वाचता न येणारा कागद म्हणजे रद्दी. राजवाडे गावोगाव हिंडले ते या रद्दीच्या आणि साधनाच्या मधली रेघ पुसण्यासाठी. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही हीच तळमळ होती.

राजवाड्यांनी कागदासाठी जे केले ते वस्तूंसाठी करणारा मनुष्य कवी असावा, हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. राजेमहाराजांच्या शस्त्रांपेक्षा त्यांचे मन दिवे, अडकित्ते, करंडे, दौती, खेळणी, वाद्ये यांत अधिक रमले. बाजार, जुनी घरे, मोडीचे ढीग धुंडाळून त्यांनी उभा केलेला सुमारे २० हजार वस्तूंचा संग्रह त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने शुक्रवार पेठेत उभा आहे. १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाकडे देण्यात आला. कवी केळकर आणि संग्राहक केळकर अशी फाळणी आपल्या वाङ्मयेतिहासांनी केली आणि पहिल्यास दोन ओळी देऊन दुसऱ्यास सोडून दिले. प्रत्यक्षात नित्याच्या वस्तूकडे निरखून पाहण्याची जी वृत्ती कवितेला लागते, तीच अडकित्त्याची मूठ उजेडात धरून पाहावयास लागते.

आता छापील कागदाकडे येऊ. राजवाड्यांपुढे हस्तलिखितांचा प्रश्न होता. आपल्यापुढे विसाव्या शतकातल्या छापील मजकुराचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. छापलेले म्हणजे पुष्कळ असणार, कोठेतरी असणारच, अशी आपली समजूत असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली. त्यानंतर निघालेल्या दिवाळी अंकांपैकी नामवंतांचे संच ग्रंथालयांत मिळतात. तालुक्याच्या गावी दोन-तीन वर्षे निघून थांबलेले अंक रद्दीच्या गठ्ठ्यातच भेटतात. साठच्या दशकातली अनियतकालिके तर चक्रमुद्रित, थोड्या प्रतींची, टाचण्यांनी जोडलेली. ग्रंथालयांस प्रती देण्याचा कायदा १९५४ मध्ये झाला असला तरी ही अनियतकालिके कायद्याच्या चौकटीत बसण्यासाठी निघालीच नव्हती. शिवाय जुन्या प्रतीवर मूळ मजकुराखेरीज आणखी एक मजकूर असतो. फिरत्या वाचनालयाचा शिक्का, वर्गणीदाराचा क्रमांक, समासातली पेन्सिलीची खूण, पहिल्या पानावरची भेट. वाचकाचा इतिहास लिहावयाचा म्हटले तर साधने हीच. संगणकावर चढविलेल्या स्वच्छ प्रतीत ती बहुधा कापली गेलेली असतात.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने वस्तूसाठी १०० वर्षांची आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितासाठी व कागदपत्रासाठी ७५ वर्षांची अट घातली. चोरट्या निर्यातीला आळा घालण्यासाठी ती योग्यच आहे. परंतु साठ वर्षांपूर्वीची परात आणि पन्नास वर्षांपूर्वीचे अनियतकालिक या अटीत बसत नाहीत. वस्तू जुनी ठरण्यापूर्वी तिला बराच काळ नुसती वापरलेली म्हणून काढावा लागतो, आणि बहुतेक वस्तू याच काळात नष्ट होतात. या मधल्या काळात त्यांना आसरा देणारी संस्था म्हणजे जुना बाजार.

अलीकडे 'व्हिंटेज' या नावाखाली याच वस्तूंची चकचकीत दुकाने निघाली आहेत, आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर टंकलेखन यंत्रे व पितळी डबे दिसू लागले आहेत. त्यास नाक मुरडण्याचे कारण नाही. भट्टीपेक्षा भिंत केव्हाही बरी. मात्र तेथे वस्तू शोभेची होते, तिचे गाव, घर, मूळ वापर यांची चौकशी थांबते. दुसरीकडे, ज्या स्वतंत्र दुकानदारांना पुस्तकाचा ठावठिकाणा तोंडपाठ असे ती दुकाने मिटत गेली. पुण्याच्या लष्कर भागातले 'मॅनीज' २०१२ मध्ये बंद झाले; मुंबईचे १९४८ पासूनचे 'स्ट्रँड' २०१८ मध्ये. अशा दुकानाबरोबर पुस्तकांखेरीज विक्रेत्याच्या डोक्यातली सूचीही जाते, आणि ती कोणी लिहून घेतलेली नसते.

सारे वाचवा, असे आमचे म्हणणे नाही. शहराला टाकून देण्याचा हक्क आहे. सर्व जपणाऱ्या घरात राहता येत नाही. परंतु टाकण्यापूर्वी वाचावे, एवढे तरी आपल्या विषयाच्या लोकांनी करावयास हवे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात हस्तलिखित-संपादनाचा भाग शिकविताना एका सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने जुन्या बाजारातील दहा लेख उतरवून आणावेत : भांड्यावरचे, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचे, छायाचित्रामागचे. जिवंत कुटुंबांची नावे झाकून, पण वळण, तारीख, नाते, स्थळ नोंदवून. त्यासाठी अनुदान लागत नाही. वही लागते, आणि विक्रेत्याशी अदबीने बोलावे लागते. अशी नोंद झाल्यावर परात खुशाल तांबट आळीत जावो.