नवखा शिक्षक कुणाच्या वर्गात घडतो?

मुंबईत मढच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडून वेसाव्याला जायला काही मिनिटं पुरतात. पावसाळ्यात ही बोट बंद असते, आणि मग २७१ नंबरची बस धरून मालाड स्टेशन, तिथून पुढे लोकल, असा वळसा पडतो. या खाडीपलीकडच्या अंधेरी, जुहू, गोरेगाव, मालाडच्या पट्ट्यात गेल्या पंचवीसेक वर्षांत ‘इंटरनॅशनल’ नावाच्या शाळा एकामागून एक उभ्या राहिल्या. मढ, भाटी, एरंगळ या कोळी आणि ईस्ट इंडियन गावांतून पदवी आणि बी.एड. करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना या शाळा अंतराने जवळ आहेत. पण नोकरीच्या जाहिरातीत बहुतेक वेळा पहिली अट असते अनुभवाची, तोही शक्यतो त्याच बोर्डाचा. तो अनुभव त्या शाळेत शिरल्याशिवाय मिळत नाही, आणि अनुभवाशिवाय शाळेत शिरता येत नाही. हा पेच आजचा वाटतो, पण मुंबईत मास्तरकीच्या पेशाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि हा पेच त्या इतिहासात वारंवार आलेला आहे. माझं म्हणणं असं, की नवखा शिक्षक कुणाच्या तरी वर्गातच घडतो. तो बाहेरून तयार होऊन येत नाही. पूर्वी ज्यांनी परकी शिक्षणपद्धती इथे आणली, त्यांनी नवख्याला घडवण्याचा भारही स्वतः उचलला. आजच्या महागड्या शाळांनी तो दुसऱ्यांच्या वर्गांवर टाकला आहे.

सुरुवात १८२० च्या दशकापासून करावी लागते. तोवर गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या: धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी वाचायला शिकायचं, पाढे आणि हिशेब घोकायचे. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबईत जी शिक्षण संस्था उभी राहिली आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली, तिला वेगळ्या शाळा हव्या होत्या. छापील पुस्तकं, वर्गवार मुलं, पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवण्याची लँकेस्टरची पद्धत, हे सगळं विलायतेहून आलेलं. ते शिकवणारा माणूस या देशात तयार मिळणं शक्यच नव्हतं. त्या वेळी ‘अनुभवी हवा’ अशी अट घातली असती तर एकही शाळा उघडली नसती. संस्थेचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी मुंबईतच मराठी आणि गुजराती तरुणांना शिकवून तयार केलं आणि १८२६ मध्ये त्यांना जिल्ह्यांत शाळा काढायला पाठवलं. बाळशास्त्री जांभेकर याच वातावरणात वाढले. पोंभुर्ल्याहून मुंबईला आलेला हा मुलगा १८३४ मध्ये, विशीतच, एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाला, आणि अखेरच्या वर्षांत त्याच्याकडे नव्या शिक्षकांना तयार करण्याच्या वर्गाचीच जबाबदारी आली. ज्याला तयार केलं, तो पुढे तयार करणारा झाला. हे चक्र फिरलं म्हणून परकी पद्धत दोन पिढ्यांत इथली होऊन गेली.

मिशनऱ्यांनीही हेच केलं, त्यांचे हेतू वेगळे असले तरी. अमेरिकन मराठी मिशनची सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आली, मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि पुढे अहमदनगरला गेली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, असं चरित्रकार सांगतात. १८४८ च्या भिडेवाड्यातल्या शाळेमागे म्हणजे परदेशी बाईंनी इथल्या नवख्या बाईला वर्ग उघडून दिल्याचा भाग आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाबरोबरच शिक्षक-प्रशिक्षणाचाही आग्रह धरला, आणि ट्रेनिंग कॉलेज व त्याला जोडलेली प्रॅक्टिसिंग शाळा ही जोडी रूढ झाली. उमेदवाराने सकाळी तत्त्व शिकायचं आणि दुपारी शेजारच्या शाळेतल्या मुलांसमोर उभं राहायचं. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं तेव्हा हा साचा माध्यमिक शिक्षकांपर्यंत पोचला. खेड्यांत तर व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला पोरगा थेट प्राथमिक शाळेत उभा राहायचा, आणि काही वर्षांनी ट्रेनिंगला पाठवला जायचा. आधी नोकरी आणि मग प्रशिक्षण, हा क्रम आज ऐकायलाही नवल वाटतो.

या परंपरेचं एक साधन जवळून पाहण्यासारखं आहे: पाठाच्या टाचणाची वही. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुठल्याही माणसाला ती आठवते. वर इयत्ता, विषय, घटक, तारीख. खाली उभे रकाने: हेतू, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. शेवटी मूल्यमापन आणि गृहपाठ. मागे बसलेल्या निरीक्षकाचा शेरा लाल शाईत. या वहीमागचा सांगाडा बराच काळ हर्बार्टच्या पंचपदीचा होता, आणि हर्बार्ट जर्मन. त्याच्या अनुयायांनी मांडलेली पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन ही पाच पावलं आपल्याकडच्या मास्तरांच्या अंगी इतकी मुरली, की ती कुठून आली हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. आज आंतरराष्ट्रीय शाळेतली शिक्षिका युनिट प्लॅनर भरते. त्यात मध्यवर्ती कल्पना असते, चौकशीच्या दिशा असतात, मुलांच्या प्रश्नांना जागा असते. टाचणापेक्षा हे अधिक चांगलं आहे असं मला वाटतं. त्यात मुलाला बोलायला जास्त वाव आहे. पण टाचण परळच्या गिरणी कामगाराच्या मुलालाही काढता आलं, कारण ते ट्रेनिंग कॉलेजात कुणालाही शिकता येत होतं. युनिट प्लॅनर मात्र बहुतेकांच्या हाती पडतो तो त्या शाळेत नोकरी लागल्यावर, कार्यशाळेला शाळेने पाठवल्यावर.

इथे कुणी म्हणेल, जुना काळ फार सोज्वळ करून दाखवताय. आक्षेप रास्त आहे. पंतोजीच्या जागी आलेला मास्तर बहुधा ब्राह्मणच होता, आणि त्यावर सर्वांत टोकदार बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शेतकरी वर्गातूनच शिक्षक तयार करा अशी मागणी केली. नांगर किंवा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही, असा माणूस त्यांना हवा होता. प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा, इतक्या तपशिलात ते गेले. साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या भागातही नोकरीचा झगडा होता. वसई-साष्टीतले मूळ ख्रिस्ती गावकरी, ज्यांच्यात एरंगळ आणि मढचे लोकही येतात, यांनी १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीच्या वेळी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि संघटना काढली. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्ती मुंबईतल्या नोकऱ्यांत पुढे जात होते. आपण इथले जुने रहिवासी आहोत हे सांगून शिक्षण आणि नोकऱ्यांत जागा मागायची होती. म्हणजे दरवाजा अरुंद होता, जातीने, धर्माने, ओळखीने अडलेला होता. पण फुले आयोगापुढे जाऊ शकले, कारण ज्यांच्या वर्गात नवखा घडत होता ते वर्ग सार्वजनिक होते आणि त्यांचा जाब विचारता येत होता. वाईट व्यवस्थेविरुद्ध भांडायला निदान व्यवस्था असावी लागते.

आंतरराष्ट्रीय शाळांची वंशावळ वेगळी आहे. १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. अशा देशोदेशी फिरणाऱ्या घरांच्या गरजेतून १९६८ मध्ये आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) जन्माला आलं. भारतात ते आलं १९७६ मध्ये, कोडाईकनालच्या शाळेत, जी मुळात अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली होती. मुंबईत १९८१ मध्ये अमेरिकन स्कूल निघालं तेही परदेशी घरांसाठीच. अशा शाळेने तयार, देश फिरलेला शिक्षक मागणं समजण्यासारखं होतं. मूल उद्या नैरोबीला गेलं तर तिथेही तोच अभ्यास सुरू राहायला हवा. पण एकविसाव्या शतकात चित्र पालटलं. धीरूभाई अंबानी इंटरनॅशनल २००३ मध्ये, गोरेगावचं ओबेरॉय इंटरनॅशनल २००८ मध्ये सुरू झालं, आणि आसपास अशा कितीतरी. इथली मुलं बहुतांश मुंबईतल्याच घरांतली. शाळा इथली झाली, मुलं इथली झाली. शिक्षक घेण्याची रीत मात्र फिरत्या घरांच्या काळातलीच राहिली.

आणि नेमक्या याच काळात सरकारी बाजूचं दार मिटत गेलं. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकचा नवा शिक्षक तीन वर्षं महिना तीन हजार रुपये मानधनावर. ते वाढून सोळा हजार व्हायला २०२३ उजाडलं. २ मे २०१२ च्या निर्णयाने शिक्षकभरतीच थांबली आणि डी.एड. कॉलेजं ओस पडू लागली. शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, घोटाळा २०२१ मध्ये उघडकीला आला. अनुदानित संस्थांतल्या डोनेशनबद्दल तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे मढच्या बी.एड. झालेल्या मुलीसमोर खाडीपलीकडची शाळा ही आता हौसेची निवड उरलेली नाही. उपनगरात नियमित पगाराच्या ज्या थोड्या जागा निघतात, त्यांतल्या बऱ्याच तिथे आहेत.

यावर पालकांच्या बाजूने येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. लाखो रुपये फी भरणाऱ्याच्या मुलावर नवख्याने हात का बसवून घ्यावा? उत्तर द्यायचं तर आधी हे पाहावं, की आज नवखा कुणाच्या मुलांवर हात बसवतो. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात किमान वीस आठवड्यांची शाळेतली उमेदवारी आली. ही उमेदवारी मुख्यतः अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांत होते. त्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं तो शिक्षक कमी पगाराच्या खासगी शाळेत काढतो, चुकतो, सावरतो, फळा आणि वर्ग सांभाळायला शिकतो. मग ‘अनुभवी’ म्हणून महागडी शाळा त्याला उचलते. म्हणजे मालवणीतल्या किंवा मढच्या पोरांच्या वर्गात शिक्षक घडतो, आणि त्या घडण्याचं फळ दुसऱ्याच मुलांना मिळतं. नवख्याच्या चुकांची किंमत मुलांना मोजावी लागते हे खरंच असेल, तर ती एकट्या गरिबांच्या मुलांनी का मोजावी? आणि ती किंमत कमी करण्याचा उपाय जुन्या प्रॅक्टिसिंग शाळांना ठाऊक होता: नवखा एकटा नसतो, मागे जाणता शिक्षक बसलेला असतो. अशी सोय सर्वांत सहज करू शकतील त्या याच शाळा, कारण त्यांच्याकडे वर्ग लहान आहेत आणि माणसं जास्त.

शाळा सांगतील, आम्ही असिस्टंट टीचर घेतो, तोच आमचा शिकाऊ. पण असिस्टंटला स्वतःचे पाठ किती घ्यायला मिळतात, त्यांवर शेरा कोण देतो, आणि किती वर्षांनी तो वर्गशिक्षक होतो याचा कुठे नियम नाही. ट्रेनिंग कॉलेजात या तिन्ही गोष्टी ठरलेल्या होत्या. तेवढं ठरवलं तर असिस्टंटची जागा खरोखर शिकाऊची जागा होईल. इंग्रजीचा मुद्दाही पुढे केला जातो. मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराचं इंग्रजी अडखळतं, हे अनेकदा खरं असतं. पण एक गोष्ट या शाळांनीच सिद्ध करून दाखवली आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. त्यासाठी आयबीचा अनुभव असलेले मराठीचे शिक्षक कुठून मिळणार? ते फारसे नव्हतेच. शाळांना मराठी शिकवणारी माणसं घ्यावी लागली आणि आपल्या पद्धतीत रुळवून घ्यावी लागली. जर्विससमोर होती तीच अडचण, आणि मार्गही तोच निघाला. गरज अंगावर आली की नवखा घडवता येतो. मग गणिताचा, विज्ञानाचा का नाही?

मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये विलेपार्ल्याला आयबीची आणि माटुंग्याला केंब्रिजची शाळा सुरू केली. फी नसलेल्या, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या या शाळा आहेत, आणि आजवर फक्त पैसेवाल्यांकडे असलेली पद्धत पहिल्यांदाच सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत तिथे पोचते आहे. मला त्यांचं महत्त्व मुलांइतकंच शिक्षकांसाठी वाटतं. शहरातल्या बी.एड. कॉलेजांचे उमेदवार वीस आठवड्यांपैकी काही आठवडे इथे बसवले, तर युनिट प्लॅनर नोकरीआधीच त्यांच्या हाती येईल. खासगी शाळांच्या बाबतीत सरकारला नवा कायदाही करावा लागणार नाही. दुसऱ्या मंडळांच्या शाळांनाही राज्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यातच दरवर्षी ठरावीक संख्येने शिकाऊ शिक्षक घेण्याची, त्यांना मानधन देण्याची आणि त्यांच्या पाठांवर लेखी शेरा देण्याची अट घालता येते. अनुदान घेत नाही म्हणून ही अट लागू नाही, असं शाळा म्हणतील. पण त्यांचा प्रत्येक अनुभवी शिक्षक ज्या वर्गात घडला, त्यातले बरेच वर्ग अनुदानाचे किंवा पालिकेचे होते; ते अनुदान त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेलं आहे.