दप्तर फुटते तेव्हा

नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर अठराव्या शतकातील घराण्यांच्या खुणा फार दाट आहेत. विंचूर आणि येवल्याला विठ्ठल शिवदेवांचे विंचूरकर, मालेगावला किल्ला बांधणारे नारो शंकर राजेबहादूर, चांदवडच्या रंगमहालात होळकर. खुद्द नाशकात पेशव्यांचा सरकारवाडा, शेजारी आनंदवल्लीत रघुनाथराव आणि आनंदीबाई, गंगापुरास वानप्रस्थासारख्या वृत्तीने राहिलेल्या गोपिकाबाई. या मोठ्या नावांच्या सावलीत गावोगावचे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि क्षेत्रोपाध्ये होतेच. या प्रत्येक घरात देव्हाऱ्याइतकीच जपलेली आणखी एक वस्तू असे. ती म्हणजे घराचे दप्तर.

दप्तर हा शब्द आज आपण शाळकरी मुलाच्या पाठीवर ठेवून मोकळे झालो आहोत. त्या काळी दप्तर म्हणजे घराण्याची लिखित स्मृती होती. त्यात वतनाची सनद असे, भाऊबंदांच्या तंट्यात झालेला महजर असे, निवाडपत्र, करीना, ताकीदपत्र असे. त्याच बासनात रोजकीर्द, ताळेबंद, उसनवारीच्या यादी, लग्नातल्या आहेरांच्या फर्दा आणि कुठल्या तरी सासुरवाशिणीच्या खुशालीची चार ओळींची पत्रेही असत. रुमालात बांधलेल्या या कागदांचा क्रम वरवर पाहता विस्कळीत वाटतो. पण ज्याने ते बांधले त्याच्या कामाचा, तंट्यांचा आणि काळज्यांचा तो क्रम असतो.

आता असा एखादा कागद विकायला निघतो तेव्हा नेमके काय विकले जाते, हा या लेखाचा प्रश्न आहे. इंग्लंडातील एखाद्या काउंटीमधील जुन्या घराण्याचे कागद लिलावात आल्याची बातमी आपण परक्या कुतूहलाने वाचतो. परंतु तिथे जे घडले ते आपल्याकडेही घडले आहे, आणि दोन्हीकडे त्याचे मूळ इतिहासप्रेमाच्या अभावात नसून कायद्यात आहे.

घराण्यांनी कागद जपले ते इतिहासासाठी नव्हे. कागद हा हक्काचा पुरावा होता. तो गेला की जमीन गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ही गरज कमी होण्याऐवजी वाढली. पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांनी पुण्यात जतन केले, ते महसुलाच्या दाव्यांत उपयोगी पडावे म्हणून. पुढे इनाम कमिशन आले आणि १८५२ च्या कायद्याने त्याला बळ मिळाले. इनामदाराने आपली सनद दाखवावी, ती सरकारी दप्तराशी ताडून पाहिली जाईल आणि न जुळल्यास इनाम खालसा होईल, असा तो व्यवहार होता. कागद लपवला तर पुरावा नाही, दाखवला तर त्यातली त्रुटी उघडी पडणार, अशा कात्रीत ही घराणी सापडली. पुढच्या पिढ्यांत इतिहाससंशोधकांना कागद दाखवताना घरमालकांचे हात आखडत, त्यामागे निव्वळ अडाणीपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कागद मागायला आलेला माणूस जमीन मागायला आला आहे, ही भीती अनुभवातून आलेली होती.

स्वातंत्र्यानंतर हे सारे पालटले. कुळकायदा १९४८ चा. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, जातइनामे संपवणारा १९५२ चा. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. हे कायदे न्याय्य होते, याविषयी शंका नको. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १९२८ मध्येच विधेयक आणले होते. वतनसंस्थेबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र या कायद्यांनी जमिनीबरोबर एका प्रचंड कागदसंग्रहाचाही निकाल लावला. दहा पिढ्या जपलेली सनद आता काही मिळवून देणार नव्हती. त्याच सुमारास मोडी लिपी शाळेतून आणि कचेरीतून गेली. म्हणजे एकाच पिढीत हे कागद निरुपयोगीही झाले आणि अवाचनीयही. नातवाला आजोबांचे दप्तर वाचता येईना, आणि वाचून उपयोग काय तेही कळेना. माळ्यावरचे रुमाल रद्दीत गेले, बंबात गेले, वाळवीच्या स्वाधीन झाले.

इंग्लंडात हाच प्रसंग पाव शतक आधी आला. तिथल्या १९२५ च्या मालमत्ताविषयक कायद्यांनी जमिनीची मालकी सिद्ध करण्यासाठी मागे जाण्याची मुदत चाळीस वर्षांवरून तीसवर आणली आणि शतकानुशतकांची खरेदीखते एका फटक्यात निकामी झाली. वकिलांच्या कपाटांतून ती गाड्या भरून बाहेर पडली. चर्मपत्रावरच्या कित्येक दस्तऐवजांच्या दिव्यांच्या छत्र्या झाल्या, ढोलावर कातडी म्हणून ती ताणली गेली. पण एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. मॅनर म्हणजे तिथली जुनी जमीनदारी. या मॅनरच्या नोंदींवर आधारलेली कूळपद्धती रद्द करताना इंग्लंडच्या संसदेने १९२४ च्या दुरुस्तीने त्या नोंदवह्या एका उच्च न्यायाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणल्या. हक्क संपला तरी कागदाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व त्या कायद्यात शिरले. बेडफर्डशरमध्ये १९१३ पासून काउंटीचे अभिलेखागार आकाराला येत होते. हळूहळू बहुतेक काउंट्यांनी ती वाट धरली. आज तिथे एखाद्या घराण्याचे कागद लिलावात आले, तर स्थानिक अभिलेखागार १९३१ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रेंड्स ऑफ द नॅशनल लायब्ररीज’सारख्या संस्थांची मदत घेऊन बोली लावू शकते. वारसाकराच्या बदल्यात महत्त्वाचे दस्तऐवज स्वीकारण्याचीही तरतूद आहे. तरीही तिथली दप्तरे फुटतात, कारण बोली लावणारा खाजगी संग्राहक अनेकदा अधिक श्रीमंत असतो.

आपल्याकडे ही जबाबदारी कायद्याने नव्हे, माणसांनी पत्करली. मिरजेला वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ पासून पटवर्धनांच्या कागदांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला सुरुवात केली. पुढल्याच वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, त्याचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि राजवाड्यांच्या निधनानंतर लगेचच, १९२७ मध्ये, धुळ्याला त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर पारसनीसांच्या हाती आले, साताऱ्याच्या संग्रहालयात राहिले आणि १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. धनी बदलले, गाव बदलले, तरी ते ‘मेणवली दप्तर’ म्हणूनच ओळखले जाते. एकत्र राहिले म्हणूनच त्याला ते नाव उरले.

आता लिलावाकडे वळू. लिलावाला सरसकट दोष देणे बरोबर नाही. रद्दीच्या तराजूपेक्षा लिलावाचा हातोडा बरा. भाव आला की वस्तू जपली तरी जाते. घरमालकालाही आपल्या वस्तूचे मोल मिळण्याचा हक्क आहे. अडचण वेगळी आहे. लिलाव कागदाला भाव देतो, दप्तराला नाही. मोठ्या माणसाचे नाव, ठसठशीत शिक्का, ‘मोर्तबसुद’ ही अखेर, सोनेरी शिंपणाचा कागद या गोष्टींना बोली लागते. हे कागद वेचून वेगळे काढले जातात. रोजकीर्द आणि ताळेबंद यांना गिऱ्हाईक नसते. म्हणजे दप्तरातला जो भाग आधीच छापला जाण्याचा संभव जास्त, तो तेवढा वाचतो. आणि जिथे कुणबी, कोष्टी, बटकी, पोरगे, विधवा यांची नावे एखाद्या रकमेसमोर उभ्या आयुष्यात एकदाच लिहिली गेली आहेत, तो भाग पुन्हा रद्दीच्या वाटेला लागतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी हे प्रकरण इतिहासकारांवर सोपवून स्वस्थ बसू नये, असे मला वाटते. १८१८ पूर्वीचे मराठी गद्य म्हटले की आपण महानुभावांच्या ग्रंथांवरून उडी मारून बखरींवर येतो. पण रोजच्या व्यवहाराचे, रागालोभाचे, आर्जवाचे आणि धमकीचे गद्य दप्तरातच आहे. शिवकाळापूर्वीची आणि नंतरची पत्रे शेजारी ठेवून मराठीतल्या फारसी शब्दांचे प्रमाण कसे घटत गेले, हे राजवाड्यांनी दाखवले. ते शक्य झाले, कारण पत्र केव्हाचे, कोणी कोणाला लिहिलेले, हे ठाऊक होते. गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवरावांना लिहिलेले उपदेशाचे पत्र आपण मराठी स्त्रीच्या लेखनाचा नमुना म्हणून वाचतो. पतीचा, दोन कर्त्या पुत्रांचा आणि शेवटी धाकट्या नारायणरावाचाही अंत पाहिलेली, गंगापुरास एकाकी राहणारी वृद्धा राज्य चालवणाऱ्या मुलाला कसे वागावे ते सांगते आहे, हे ठाऊक असल्यानेच त्या वाक्यांना वजन येते. तेच पत्र नावगाव हरवलेल्या स्थितीत चौकटीत टांगले, तर उरतो तो सुभाषितांचा संग्रह.

महजराचे उदाहरण आणखी बोलके आहे. महजर म्हणजे गोतसभेने साक्षीपुरावा घेऊन दिलेला निर्णय. त्याखाली गावच्या लोकांच्या साक्षी असतात. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, शेट्याच्या नावापुढे तराजूची. लिलावाच्या सूचीत तो ‘सचित्र दस्तऐवज’ म्हणून शोभून दिसेल. पण त्याच तंट्यातला वादीचा करीना दुसऱ्या संग्राहकाकडे गेला, प्रतिवादीचे उत्तर रद्दीत गेले, तर उरलेला महजर हा प्रश्न हरवलेले उत्तर होतो. शेजार हाच कागदाचा अर्थ असतो, आणि तो शेजार विकता येत नाही. फक्त मोडता येतो.

नाशिकच्याच एका प्रसिद्ध लिलावाची येथे आठवण होते. त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगितला जाणारा ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. लंडनच्या जवाहिऱ्यांनी सुमारे नव्वद कॅरटचा तो दगड नव्याने पैलू पाडून अठ्ठ्याहत्तरवर आणला. १८३७ च्या लिलावानंतर तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला. १९४० मध्ये अमेरिकेत त्याला पुन्हा पैलू पाडले गेले, वजन त्रेचाळीस कॅरटांवर आले, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर मिळाले. हिऱ्याचे हे वैशिष्ट्य आहे: निम्म्याहून अधिक झिजवला तरी तो हिराच राहतो, किंबहुना अधिक झळकतो. दप्तराला असे पैलू पाडता येत नाहीत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांत मिळवली आणि ती मुंबईत आली. त्याचा आनंद रास्त आहे. तलवार एक असते, ती दिसते, तिची मिरवणूक निघू शकते. जमाखर्चाच्या बासनाची मिरवणूक निघत नाही. म्हणून तर त्याच्यासाठी बोली लावणाऱ्यांनी अधिक जागरूक असायला हवे.

कायद्याचा आधार काही प्रमाणात आहे. पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार इतर वस्तूंना शंभर वर्षांची अट असली, तरी ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना व कागदपत्रांना पंचाहत्तर वर्षे पुरतात, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. वतने ज्या वर्षांत रद्द झाली त्या वर्षांचे कागदही आता या व्याख्येत येऊ लागले आहेत. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांपुरता आहे. देशातल्या देशात दप्तर फोडून विकण्यापासून घरमालकाला यांतला कोणताही कायदा रोखत नाही. रोखावे असेही मी म्हणणार नाही; बंदीच्या भीतीने कागद पुन्हा लपतील, आणि ती भीती या घराण्यांनी एकदा भोगली आहे.

करता येण्याजोगे काम त्याहून साधे आहे. नाशिकच्या जुन्या भागातले वाडे आजही उतरवले जात आहेत आणि प्रत्येक वाड्याबरोबर एखादी पेटी उघडते आहे. ती पेटी विकण्याआधी आहे त्याच क्रमाने कागदांना आकडे घालावेत, यादी करावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याची एक प्रत पुण्याच्या वा धुळ्याच्या मंडळात ठेवावी. मग अस्सल कागद कुठेही जावोत, त्यांचा शेजार शिल्लक राहील. मराठी विभागांतल्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात मोडी वाचायला शिकवता येते, आणि शोधनिबंधासाठी विषयांची टंचाई असल्याची तक्रार त्यानंतर ऐकू येणार नाही.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांचे उदाहरण याच गावात डोळ्यांसमोर आहे. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडे यजमानांच्या कुळांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. भावाभावांत वाटण्या झाल्या, वह्यांवरून तंटे झाले, तरी वह्या रद्दीत गेल्या नाहीत. कारण आजही कुणीतरी येतो, आपले नाव-गाव सांगतो आणि आजोबांची सही पाहायला मागतो. उरलेल्या दप्तरांनाही असा कुणीतरी मागणारा हवा आहे.