दारावरची पाटी : यंत्रांच्या शिष्टाचाराचा इतिहास

गृहस्थाच्या दारावर पाटी असते. 'परवानगीवांचून आंत येऊं नये' एवढेच शब्द तिच्यावर असतात. पाटीला हात नसतात. ती कोणाला अडवूं शकत नाहीं. तथापि सभ्य मनुष्य ती वाचून उंबरठ्यापाशींच थांबतो. समाजाचे कितीतरी व्यवहार कायद्यावर किंवा पहाऱ्यावर चालत नसून अशा पाट्यांवरच चालत असतात. परंतु येणारा पाहुणा मनुष्य नसून यंत्र असेल तर? त्याला पाटी वाचावयास कोणीं शिकवावें, आणि त्यानें ती मानली नाहीं तर दाद कोणाकडे मागावी? आंतरजालाच्या इतिहासांत गेलीं तीस-बत्तीस वर्षें हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे.

जिनीव्हा येथील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ सालीं वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, व १९९१ सालीं ती जगाला खुली झाली. कोणतेंहि संकेतस्थळ म्हणजे अखेरीस कोठेंतरी अहोरात्र चालू असलेला एक संगणक होय. त्याला सर्व्हर म्हणतात. वाचकानें पान मागावें आणि सर्व्हरनें तें काढून द्यावें, असा हा ग्रंथालयाच्या खिडकीसारखा व्यवहार आहे. मनुष्य एक पान मागतो, तें वाचतो, आणि मग दुसरें मागतो. ह्या मधल्या वेळांत खिडकीवरच्या कारकुनाला इतरांकडे पाहावयास सवड मिळते. यंत्राला वाचनाचा आनंद नको असतो. त्याला केवळ पानें गोळा करावयाचीं असतात. तें क्षणार्धांत शेंकडों पानें मागूं शकतें, आणि मग खिडकीपाशीं खरा वाचक ताटकळत उभा राहतो.

असा पहिला नामांकित यंत्रपाहुणा १९९३ च्या जूनमध्यें अवतरला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मॅथ्यू ग्रे ह्यांनीं वेबचा विस्तार मोजण्यासाठीं एक प्रोग्रॅम लिहिला व त्याला 'वाँडरर', म्हणजे भटक्या, असें नांव दिलें. एका पानावरील दुवे धरून दुसऱ्या पानावर जावयाचें, तेथून तिसऱ्यावर, अशी त्याची भ्रमंती असे. हेतु निर्मळ होता; परंतु आरंभीं हा भटक्या एकच पान दिवसांतून कितीदां तरी मागे, आणि त्यामुळें सर्व्हर मंदावत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठांत जॉनाथन फ्लेचर ह्यांचें 'जंपस्टेशन' हें शोधयंत्र निघालें. १९९४ च्या एप्रिलांत वॉशिंग्टन विद्यापीठांतील ब्रायन पिंकर्टन ह्यांचा 'वेबक्रॉलर' आला. क्रॉलर म्हणजे रांगणारा. रांगणाऱ्या मुलाप्रमाणेंच ह्या यंत्रांना घरांतील कोणत्या वस्तूला हात लावूं नये हें ठाऊक नव्हतें.

त्यांना वळण लावण्याचें श्रेय मार्टाइन कोस्टर ह्यांजकडे जातें. ते त्या वेळीं इंग्लंडांतील नेक्सॉर कंपनींत काम करीत होते. ते स्वतःहि 'अलीवेब' नांवाची एक सूची तयार करीत होते. मात्र तिची रीत निराळी होती. यंत्रानें घरभर हिंडण्याऐवजीं यजमानानेंच आपल्या पानांची यादी लिहून ठेवावी व यंत्रानें तेवढीच न्यावी, अशी ती योजना होती. भटक्या यंत्रांच्या कर्त्यांसाठीं कोस्टर ह्यांनीं १९९३ सालीं कांहीं सूचना लिहिल्या. यंत्र खरोखरच हवें आहे काय ह्याचा आधीं विचार करावा. यंत्रानें आपलें नांव सांगावें. तें प्रथम आपल्याच संगणकावर तपासून पाहावें. आणि परक्याच्या दारीं जातांना धांवूं नये, चालावें, असा त्यांचा आशय होता.

१९९४ च्या फेब्रुवारींत त्यांनीं पाटीची कल्पना मांडली, आणि विचारविनिमय होऊन ३० जून १९९४ रोजीं तिला निश्चित रूप आलें. प्रत्येक संकेतस्थळाच्या मुळाशीं 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' नांवाची एक साधी फाइल ठेवावयाची. तींत एका ओळींत यंत्राचें नांव आणि पुढच्या ओळींत त्यानें कोठें जाऊं नये तो मार्ग, एवढेंच लिहावयाचें. इतकी साधी व्यवस्था क्वचितच पाहावयास मिळते. विशेष हें कीं, ही पद्धति कोणाहि अधिकृत संस्थेची नाहीं, तिची अंमलबजावणी कोणीहि करीत नाहीं, आणि सर्व यंत्रें ती पाळतीलच असें नाहीं, ही कबुली मूळ लेखांतच दिलेली होती. तरीहि मोठ्या शोधयंत्रांनीं ती मानली. कारण पानें दिल्याचा मोबदला संकेतस्थळाला वाचकांच्या रूपानें मिळत होता आणि यजमानाचा रोष ओढवून घेण्यांत शोधयंत्राचाहि लाभ नव्हता.

पाटी लागली म्हणून ती सर्वांना ठाऊक झाली असें मात्र नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठांत लॅरी पेज व सर्गे ब्रिन ह्यांनीं १९९८ सालीं आपल्या गूगल शोधयंत्राविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत ह्याचें गमतीदार वर्णन आढळतें. त्यांच्या यंत्रांनीं दोन कोटी चाळीस लक्ष पानें गोळा केलीं होतीं, आणि एकेक यंत्र एकाच वेळीं सुमारें ३०० जोडण्या उघड्या ठेवी. परिणामीं अनोळखी लोकांचीं पत्रें आणि दूरध्वनि येऊं लागले. ह्या गृहस्थांनीं आपलीं इतकीं पानें पाहिलीं, तर तीं आवडलीं काय, अशी कोणी प्रेमानें विचारपूस करी! कोणी आपल्या पानावरच 'ह्याची सूचींत नोंद करूं नये' असें लिहून निश्चिंत बसे. परंतु यंत्राला त्या वाक्याचा अर्थ कळत नसे. एकदां तर त्यांचें यंत्र एका चालू खेळांत शिरलें आणि खेळणाऱ्यांपुढें निरर्थक मजकुराचा पाऊस पडला.

पुढें ह्या विनोदाची जागा वादानें घेतली. ईबे ही लिलावांचें संकेतस्थळ चालविणारी कंपनी. तिच्या व इतरांच्या लिलावांची माहिती एकत्र करून दाखविणारी दुसरी कंपनी बिडर्स एज. तिचें यंत्र ईबेकडे दिवसाला सुमारें एक लक्ष वेळां येई. ईबेनें मनाई केली, येणाऱ्या संगणकांचे पत्ते अडविले; तेव्हां तें दुसऱ्यांच्या संगणकांआडून येऊं लागलें. अखेर प्रकरण कॅलिफोर्नियांतील संघीय न्यायालयांत गेलें. ह्या एका यंत्राचा भार ईबेकडे येणाऱ्या एकूण मागण्यांच्या दीड टक्क्याच्या आसपास होता. तो सहज सोसण्यासारखा होता. परंतु न्यायाधीश रोनाल्ड व्हाइट ह्यांनीं निराळा विचार केला. एकाला मोकळीक दिली तर दहा जण तिचें अनुकरण करतील आणि त्या सर्वांच्या भारानें यंत्रणा कोलमडेल, हें ध्यानीं घेऊन त्यांनीं २४ मे २००० रोजीं तात्पुरता मनाईहुकूम दिला. ह्या निकालाचा आधार दुसऱ्याच्या चीजवस्तूंत ढवळाढवळ करूं नये हा जुना इंग्रजी कायदा होता. मात्र २००३ सालीं त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें इंटेल कंपनीच्या एका प्रकरणांत ह्या कायद्याला मर्यादा घातली. संगणकाला प्रत्यक्ष हानि पोहोंचल्याचें किंवा पोहोंचण्याचा संभव असल्याचें दाखविल्यावांचून तो लागू होत नाहीं, असें ठरलें. न्यायालयाचें दार अशा रीतीनें अर्धेंच उघडें राहिलें.

म्हणून संकेतस्थळांच्या चालकांना आपली व्यवस्था आपणच करावी लागली. पान बदललें नसेल तर 'बदल नाहीं' एवढेंच कळवून पुन्हा पाठविण्याचे कष्ट वांचवितां येतात. भार वाढला तर ५०३ ह्या क्रमांकाचें उत्तर देऊन 'नंतर यावें' असें सांगतां येतें. 'फार मागण्या झाल्या' असें सांगणारा ४२९ हा क्रमांक २०१२ सालीं त्यासाठींच मुक्रर झाला. गूगलनें २००५ सालीं 'साइटमॅप' म्हणजे पानांची यादी स्वीकारण्यास आरंभ केला, आणि २००६ च्या नोव्हेंबरांत याहू व मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्याहि तींत सामील झाल्या. यजमानानें स्वतः यादी द्यावी ही कोस्टर ह्यांची कल्पना बारा वर्षांनीं अशी मागल्या दारानें परत आली. कित्येक लुच्चीं यंत्रें प्रसिद्ध शोधयंत्राचें नांव सांगून शिरत. त्यांचा पत्ता उलट तपासून पाहण्याची रीतहि रूढ झाली. एक गोष्ट मात्र चालकांना अनुभवानें शिकावी लागली. पाटी सर्वांना वाचतां येते. म्हणून तिच्यावर गुप्त दालनांची नांवें लिहिणें म्हणजे चोराला तिजोरीची वाट दाखविणें होय. पाटी म्हणजे कुलूप नव्हे.

आश्चर्य असें कीं, ही रूढि पंचवीस वर्षें केवळ रूढि म्हणूनच चालली. गूगलनें २०१९ सालीं पुढाकार घेतला, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत 'आर.एफ.सी. ९३०९' ह्या नांवानें तिला रीतसर प्रमाणाचें रूप मिळालें. लेखकांत पहिलें नांव कोस्टर ह्यांचेंच होतें. प्रवेशाचा अधिकार देणें वा नाकारणें हें ह्या नियमांचें काम नव्हे, असें त्यांतहि स्पष्ट सांगितलें आहे.

रूढीला मान्यता मिळाली त्याच सुमारास तिचा पाया हालूं लागला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकविण्यासाठीं मजकूर गोळा करणारीं नवीं यंत्रें आलीं. ओपनएआय कंपनीनें आपल्या 'जीपीटीबॉट'चें नांव २०२३ च्या ऑगस्टांत जाहीर केलें, आणि अनेक वृत्तपत्रांनीं तें आपल्या पाटीवर लिहून त्याला मनाई केली. ज्यांनीं नांवच सांगितलें नाहीं त्यांना मनाई कशी करावी? शोधयंत्र पान नेई व वाचक पाठवी. नवें यंत्र पान नेतें आणि पुष्कळदां उत्तर स्वतःच देतें. देण्याघेण्याचा जुना मेळ येथें बिघडला. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेनें एप्रिल २०२५ मध्यें आपला अनुभव प्रसिद्ध केला. तिच्या पानांच्या एकंदर भेटींपैकीं यंत्रांच्या भेटी सुमारें ३५ टक्के असतांना, सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकीं निदान ६५ टक्के वाहतूक यंत्रांची होती. मनुष्यें बहुधा तींच तींच लोकप्रिय पानें वाचतात, म्हणून तीं पानें जवळच्या सांठ्यांतून तत्काळ देतां येतात. यंत्रें मात्र क्वचित् कोणी उघडलेलें पानहि सोडीत नाहींत, आणि तें दूरच्या मुख्य केंद्रांतून आणावें लागतें. मराठी विकिपीडियाचीं पानेंहि ह्याच संस्थेच्या सर्व्हरांवरून येतात. तेव्हां पुण्यांतील वा पणजींतील विद्यार्थी आणि हीं यंत्रें एकाच खिडकीपाशीं उभीं आहेत.

मोठ्या संस्था हा खर्च कसाबसा सोसतात. एखाद्या लहान ग्रंथसंग्रहाचें किंवा हौशी अभ्यासकाचें संकेतस्थळ मात्र अशा धाडीनें बंद पडूं शकतें. किंवा त्याचा चालक कंटाळून दाराला कुलूप घालतो. मग उपद्रवी यंत्राबरोबर जिज्ञासु वाचकहि बाहेर राहतो, आणि सर्वांसाठीं म्हणून उघडलेलें ज्ञानाचें घर एकेक खोलीनें मिटत जातें. १९९४ सालीं जी व्यवस्था उभी राहिली ती पाहुण्याच्या भिडेवर उभी राहिली. पहारेकरी ठेवण्याचें सामर्थ्य श्रीमंताजवळ असतें; गरीब यजमानाचा आधार दारावरची पाटी आणि ती वाचून थांबणाऱ्याची सभ्यता एवढाच असतो.